फायरप्लेसचे तुकडे

यादी अकराला लागायची होती. पण नोटीस बोर्डाच्या काचेला कुलूप, त्या कुलपाची किल्ली शिपाई सितारामकडे, आणि सिताराम पोस्टात गेलेला. लागता लागता साडेबारा झाले. तोवर सोनपेठच्या गोदाकाठ विद्यालयाच्या व्हरांड्यात तीसेक उमेदवार जमले होते. बबिता सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून उभी होती. पुढे घुसण्यात अर्थ नव्हता. यादी काही पळून जाणार नव्हती.

याच शाळेत ती अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होती. म्हणजे तास असला तर मॅडम, सुट्टी लागली की कुणी नाही. आता इंग्रजीच्या कायम शिक्षकाची एक जागा निघाली होती. जागा खुली, मुलाखत नाही, शंभर गुणांची लेखी परीक्षा. जो पहिला येईल त्याला नेमणूक. वयाची अट अडतीस. बबिताला येत्या ऑगस्टात अडतीस पुरी होणार होती.

गर्दी पांगली तशी ती पुढे गेली. पहिलं नाव त्रिवेणीचं होतं, एक्क्याऐंशी गुण. दुसरं तिचं स्वतःचं, ऐंशी. तिसरा शहात्तरावर होता.

यादीशेजारी उत्तरतालिका लावली होती. तिनं पर्समधून आपली प्रश्नपत्रिका काढली आणि एकेक उत्तर ताडून पाहायला लागली. चुकलेली वीस. त्यातली एकोणीस तिनं मुकाट मान्य केली. त्रेसष्टाव्या प्रश्नाशी ती थांबली. ‘फायरप्लेस’ या जोडशब्दाचे सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, किती आणि जोर कुठे, असा तो प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं: तीन, पहिल्यावर. उत्तरतालिकेत होतं: दोन, पहिल्यावर.

“मॅडम, तुमाला ऐंशी पडले न्हवं?” मागून आवाज आला. त्रिवेणी होती. स्कूटी फाटकाशी लावून आली होती, स्कार्फ अजून तोंडाला गुंडाळलेलाच.

“ऐंशी. तू पहिली आलीस, त्रिवेणी. अभिनंदन.”

त्रिवेणीनं स्कार्फ सोडला. तिच्या तोंडावर पहिलं आल्याचा आनंद फारसा दिसत नव्हता. “त्रेसष्ट नंबरला तुमी तीन लिवलं असंल.”

“तीनच लिहिलं.”

“मीबी आधी तीनच लिवणार होते. तुमीच शिकवलेलं. मग फोनवरल्या शब्दकोशातल्या बाईचा आवाज आठवला. ती दोन झटक्यात म्हणती.” असं म्हणून तिनं स्कार्फ परत गुंडाळला. मग म्हणाली, “जाते मॅडम, घरी सांगायचंय.”

बबितानं तिला आठवी ते दहावी शिकवलं होतं. बी-बियाणांचं दुकान चालवणाऱ्या कल्याणरावांची ही एकुलती मुलगी. वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि कुठल्याही नियमाला ‘का?’ विचारायची. सिलॅबल शिकवायची बबिताची एक रीत होती. तळहात हनुवटीखाली आडवा धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके तुकडे. साठ पोरं एकदम हनुवटीखाली हात धरून ‘सन-फ्लॉ-वर’ म्हणायला लागली की बाहेरून जाणारा माणूस थांबून बघायचा. जोर कुठे द्यायचा ते ती फळ्यावरूनच समजावायची. शाळेतला फळा हिरवा होता. ती म्हणायची, “हा ब्लॅकबोर्ड हाय. हिरवा असला तरी ब्लॅकबोर्डच, कारण दोन शब्द मिळून एक झाले आणि जोर सगळा पहिल्यावर गेला. पण काळ्या रंगाची नुसती फळी असली तर ती ब्लॅक बोर्ड. तिथं दोन्ही शब्द आपापल्या पायावर उभे.” तेव्हा त्रिवेणीनं विचारलं होतं, की मग आफ्टरनूनमध्ये जोर मागं का जातो? बबितानं दुसऱ्या दिवशी पुस्तकात बघून येऊन सांगितलं होतं, की सगळेच जोडशब्द नियमानं वागत नाहीत, काही नुसते पाठच करावे लागतात.

फायरप्लेस तिनं याच हनुवटीच्या रीतीनं शिकवला होता. फा-यर-प्लेस. तीन. ती वस्तू सोनपेठात कुणाच्या घरी नव्हती. थंड मुलखात भिंतीत विस्तव पेटवायची जागा असते, एवढंच पोरांना ठाऊक. पण हनुवटी तीनदा हाताला लागायची, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती.

घरी येऊन तिनं जेवायच्या आधी सगळं सांगितलं. तिचे वडील भगवानराव एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. ते ऐकून घेत राहिले. आई लक्ष्मीबाई म्हणाली, “एका मार्कानं? मग अर्ज टाक की. आक्षेप घ्यायला मुदत हाय म्हणतीस.”

“शनिवारी पाचपर्यंत. पुरावा जोडावा लागतो.”

“ती पोरगी तुझ्याच हाताखाली शिकली न्हवं?” भगवानरावांनी विचारलं.

“हो.”

“अकरा वर्षं हिचा कुणी विचार केला का?” लक्ष्मीबाई म्हणाली. “आता हिनं समद्यांचा करायचा.”

भगवानराव उठले. हात धुऊन आले आणि म्हणाले, “अर्ज करायचा तर कर. पण तिला आधी सांगून कर. मागून कळलं तर ते वाईट.”

बबिताला रात्रभर एकच गोष्ट छळत होती, असं ती पुढे सांगायची. आपण अकरा वर्षं पोरांना चूक शिकवलं की काय? हे खरं होतं. पण आणखीही एक खरं होतं, आणि ते ती कुणाला सांगत नसे. जाहिरातीचा शेवटचा परिच्छेद तिला पाठ होता: समान गुण असल्यास वयानं ज्येष्ठ उमेदवारास प्राधान्य. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्यातली आधी कुठली आली, हे तिचं तिलाही कधी ठरवता आलं नाही.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं ती परभणीला गेली. वसमत रोडच्या एका गल्लीत बन्सीधर सर राहायचे. कॉलेजात त्यांनी तिला ध्वनिशास्त्र शिकवलं होतं. आता अठ्ठ्याहत्तरीचे झाले होते आणि कानानं कमी ऐकू यायचं. आयुष्यभर आवाजाचा अभ्यास केला आणि शेवटी आवाजच गेला, असं त्यांच्याविषयी लोक हळहळून म्हणत. ते स्वतः म्हणत नसत. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बरंचसं ओळखायचे.

तिनं कागदावर शब्द लिहून त्यांच्यापुढे ठेवला.

“म्हण,” ते म्हणाले.

तिनं म्हटला. त्यांनी तिच्या हनुवटीकडे पाहिलं. “परत म्हण. घाईत. बस सुटायलीय आणि तुला कुणाला तरी सांगायचंय, तसं.”

तिनं परत म्हटला.

“पहिल्यांदा तीन झाले. आता दोन.” ते उठले, कपाटातून एक जाडजूड उच्चारकोश काढला आणि उभ्यानंच पानं उलटली. ‘फायर’ शब्दापाशी बोट ठेवून पुस्तक तिच्यापुढे धरलं. दोन ध्वनींच्या मधे, खाली, एक बारीकशी वक्र खूण होती, उताणी पडलेली चंद्रकोर असावी तशी.

“ही खूण काय सांगते? इथं दोन सिलॅबल आहेत, पण बोलणारा ते दाबून एक करू शकतो. दोन्ही चालतं. फायरचे दोन मोजलेस तर फायरप्लेसचे तीन. एक मोजलास तर दोन.”

“म्हणजे माझं बरोबर होतं.”

“तुझं चूक नव्हतं.” सर खाली बसले. “अर्जात तेवढंच लिही. त्यांचं उत्तर चूक आहे असं लिहू नको. ते खोटं होईल.”

“आणि शाळेत इतकी वर्षं शिकवलं ते?”

त्यांना बहुतेक ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि उत्तर द्यावंसं वाटलं नाही. ते म्हणाले, “झेरॉक्स कोपऱ्यावर आहे. पुस्तक परत आणून दे. दुसरी प्रत माझ्याकडे नाही.”

संध्याकाळी सोनपेठला उतरल्यावर ती घरी न जाता थेट कल्याणरावांकडे गेली. खाली दुकान, वर घर. खरिपाच्या बियाणांची पोती यायला लागली होती, जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वर उमादेवी, त्रिवेणीची आई, देव्हाऱ्यापुढे बसली होती. बबिताला बघून तिनं पेढ्याची ताटली पुढे केली. “घ्या मॅडम. तुमच्यामुळंच हाय समदं.”

बबितानं पेढा हातात घेतला. खाल्ला नाही. त्रिवेणी आतून आली तेव्हा तिनं झेरॉक्स तिच्या हातात दिली आणि सरांनी सांगितलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता, सांगितलं.

त्रिवेणीनं कागद दोनदा वाचला. मग मोबाईल काढला, त्यातल्या बाईला तो शब्द म्हणायला लावला. दोन झटके. मग तिनं वेग कमी केला आणि परत लावला. आता बाई सावकाश म्हणाली, आणि खोलीतल्या चौथ्या माणसालाही तीन ऐकू आले असते. चौथा माणूस दारात उभाच होता. कल्याणराव दुकान नोकरावर सोपवून वर आले होते.

“हे मला कालच कळलं होतं,” त्रिवेणी म्हणाली. “यादी लागली त्याच दिवशी मी सावकाश लावून बघितलं.”

“म्हंजी काय झालं?” उमादेवीनं विचारलं. “हिचे मार्क कमी व्हायलेत का?”

“न्हाई,” बबिता म्हणाली. “तिचे तेवढेच राहतेत. माझा एक वाढंल. दोघींना सारखे होतील.”

“मग?”

“सारखे झाले तर वयानं मोठी असंल तिला देतेत.”

उमादेवीनं ताटलीवर झाकण ठेवलं.

कल्याणराव पोत्याची सुतळी हाताला गुंडाळत उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, माझ्या पोरीनं लिवलेलं चूक हाय का?”

“न्हाई काका. तिचंबी बरोबर हाय.”

“तिचं बरोबर हाय, ती पहिली आली. मग तिची जागा का जावी?”

 वाटेत एसटीत तिनं बरीच उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “जागा एकच हाय, काका.”

 खाली रस्त्यावर ट्रॅक्टर उभा राहिला आणि कुणीतरी कल्याणरावांच्या नावानं हाक मारली. ते गेले नाहीत.

“द्या तुमी अर्ज,” त्रिवेणी म्हणाली. “मी उलटा अर्ज देणार न्हाई. पण मॅडम, मला वाईट वाटायलंय. ते वाटू नये असं तुमी म्हणू नका.”

“न्हाई म्हणत,” बबिता म्हणाली. जिना उतरताना पेढा तिच्या हातातच होता. तो तिनं घरी नेऊन आईला दिला.

शनिवारी दुपारी तिनं अर्ज लिहिला. चार ओळी. प्रश्न क्रमांक त्रेसष्टची दोन उत्तरं प्रमाणग्रंथानुसार ग्राह्य आहेत, सोबत छायाप्रत जोडली आहे. ‘चूक’ हा शब्द तिनं कुठंही येऊ दिला नाही. हेडक्लार्क नागनाथ यांनी अर्जावर शिक्का मारला, पोच दिली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “एका शब्दासाठी?”

“एका शब्दासाठी,” ती म्हणाली.

संस्थेनं अर्ज बाहेरच्या तज्ज्ञाकडे धाडला. बारा दिवस लागले. ते बारा दिवस बबिता रोज शाळेत गेली. उन्हाळी वर्गाचे तास होते. वर्गात तिनं जोडशब्दांचा धडा टाळला आणि पत्रलेखन घेतलं.

सुधारित यादीत दोघी एक्क्याऐंशीवर होत्या. बबिताचं नाव वर होतं. तिनं ते वाचलं, मग त्याखालचं वाचलं, मग बाकी यादी शेवटपर्यंत वाचली, तिसाव्या नावापर्यंत. सिताराम म्हणाला, “मॅडम, आता तरी कायम झालात.” तिनं मान हलवली. घरी लक्ष्मीबाई रडली. भगवानराव म्हणाले, “बरं झालं,” आणि बुद्धवंदनेला बसले.

गावात बोलणी झाली. सोनपेठच्या आठवडी बाजारात दोघे-तिघे म्हणाले, सवलतीतून लागली. जागा खुली होती, सवलतीचा प्रश्नच नव्हता, हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्यानं बोलणं थांबलं नाही. दुसरे काही म्हणाले, गुरूनं चेलीला पाडलं. बबितानं दोन्हीला उत्तर दिलं नाही. पहिल्या बोलण्याचा तिला राग यायचा. दुसऱ्याचा येत नसे, आणि तेच तिला जड जायचं.

जूनमध्ये ती कायम शिक्षक म्हणून रुजू झाली, तशी तिची तासिकेची जागा मोकळी झाली. मुख्याध्यापक महारुद्र सरांनी त्या जागेसाठी त्रिवेणीला विचारलं. ती येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली. स्टाफरूममध्ये तिला खिडकीशेजारचं टेबल मिळालं, जे अकरा वर्षं बबिताचं होतं. खणातली खडूची पूड काढायलाही बबिताला वेळ झाला नव्हता. त्रिवेणीनं ती कागदानं पुसली आणि पुस्तकं लावली.

दोघी बोलायच्या. तासांची अदलाबदल, गैरहजर पोरं, चाचणीच्या तारखा, एवढंच. त्यापलीकडे महिनाभर काही नाही.

जुलैच्या शेवटी नववीला जोडशब्द आले आणि ते टाळता येण्यासारखे नव्हते. बबितानं हनुवटीची रीत दाखवली. मग फायरप्लेस फळ्यावर लिहिला आणि सांगितलं, याचे दोनही होतात, तीनही होतात. सावकाश म्हटलं तर तीन, घाईत म्हटलं तर दोन. पोरं खूश झाली. अर्धा वर्ग घाईत म्हणायला लागला आणि अर्धा सावकाश. शेजारच्या वर्गात त्रिवेणीचा तास होता. मधली भिंत छतापर्यंत नव्हती, सगळं ऐकू जायचं.

मधल्या सुट्टीत त्रिवेणी तिच्या टेबलाशी आली. “दोन्ही सांगितलं तुमी.”

“दोन्ही खरं हाय.”

“खरं हाय. पण पेपरात पोरं काय लिवतील?”

बबितानं डब्याचं झाकण लावलं. “मी पेपरात तो शब्द घालणार न्हाई.”

“तुमी न्हाई घालणार. दुसरा कुणी घालंल. त्याला एकच पाहिजे असतंय.” तिच्या आवाजात भांडण नव्हतं. आठवीतही ती असंच विचारायची, उत्तर मिळेपर्यंत उभी राहायची. आता मात्र ती उत्तराची वाट न बघता आपल्या टेबलाकडे गेली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बबितानं तिला थांबवलं आणि पुरं सांगितलं. जाहिरातीचा शेवटचा परिच्छेद आपल्याला पाठ होता, बन्सीधर सरांकडे जायच्या आधीपासून पाठ होता, हे. “नुसत्या शब्दासाठी गेले असं मी सगळ्यांना सांगते,” ती म्हणाली. “ते तसं न्हाई.”

त्रिवेणी स्कूटीला किल्ली लावून उभी होती. “मला ठावं होतं,” ती म्हणाली. “जाहिरात मीबी वाचली होती, मॅडम.” तिनं किल्ली फिरवली, मग बंद केली. “पण तुमी सांगितलं, ते बरं केलं.”

त्यानंतर त्या जरा जास्त बोलायला लागल्या. मैत्री म्हणावी असं नाही. एखाद्या शब्दावर अडलं की त्रिवेणी विचारायची, आणि बबिता आता लगेच उत्तर देत नसे. बघून सांगते म्हणायची. कधी त्रिवेणीचं बरोबर निघायचं, कधी हिचं.

दिवाळीच्या आधी त्रिवेणीला नांदेडच्या एका शाळेत कायम नोकरी लागली. तिथंही लेखी परीक्षाच होती. ती पहिली आली, दुसऱ्यापेक्षा नऊ गुण जास्त. नऊ गुणांवर कुणी आक्षेप घेत नाही. महारुद्र सरांनी निरोप समारंभ ठेवला, बबितानं दोन मिनिटं भाषण केलं आणि एक पेन दिलं.

उन्हाळ्यात एकदा पाथरीच्या बसस्टँडवर त्या भेटल्या. बबिता प्रशिक्षणाहून परतत होती. त्रिवेणी आईबरोबर सोनपेठला निघाली होती, सुट्टीला. दोघींनी उसाचा रस घेतला. त्रिवेणी नांदेडच्या पोरांबद्दल बोलत होती. तिथली पोरं इंग्रजी फडाफड बोलतात पण लिहायला सांगितलं की गप्प, असं. उमादेवी चार पावलांवर फलाटाच्या पाटीकडे तोंड करून उभी होती. बबितानं “नमस्कार, काकू” म्हटलं तेव्हा तिनं मान थोडी हलवली. पाटीवरून नजर काढली नाही.

सोनपेठची गाडी आली. उमादेवी आधी चढली, खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, मुलीसाठी. बबिता मागच्या बाकावर बसली. गाडी सुटल्यावर त्रिवेणीनं मागे वळून विचारलं, “मॅडम, प्रशिक्षणात काय शिकवलं?” आणि बबिता सांगायला लागली.